पहिल्या प्रयोगानंतरचा नट

वरसाव्याच्या फाउंटन नाक्यावर तीन रस्ते मिळतात. एक काशीमिऱ्यावरून दहिसर-बोरिवलीकडे जातो, दुसरा घोडबंदर गावावरून ठाण्याला, आणि तिसरा वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून नायगावकडे व पुढे गुजरातेत. अवजड वाहनांच्या कोंडीसाठी हा नाका बदनाम आहे. मुंबईतल्या मराठी नटांच्या रोजच्या कामाचा नकाशाही गेल्या काही वर्षांत याच नाक्याभोवती पसरला आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. गोरेगावच्या चित्रनगरीबाहेर मालिकांचे सेट वाढत गेले, ते मीरा रोड, घोडबंदर रस्ता आणि खाडीपलीकडचे नायगाव इथवर आले. नाट्यगृहे याच रस्त्यांच्या कडेला किंवा टोकाला आहेत: ठाण्यात १९७८ पासूनचे गडकरी रंगायतन आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूचे काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्यात दीनानाथ, आणि आता मीरा-भाईंदर महापालिकेचे महाजनवाडीजवळचे लता मंगेशकर नाट्यगृह. नायगावच्या सेटवर दिवसाची शिफ्ट करायची, रात्री ठाण्याचा प्रयोग गाठायचा आणि उरलेल्या तारखा चित्रपटाला द्यायच्या, अशी मराठी नटाची कारकीर्द आज चालते. शरीर एक, आवाज एक, माध्यमे तीन. समीक्षा मात्र या एका माणसाचे तुकडे करते. त्याचा चित्रपट शुक्रवारी तपासला जातो, त्याचे नाटक शुभारंभाच्या आसपास एकदा पाहिले जाते, आणि ज्या मालिकेत त्याचे सर्वांत जास्त तास जातात तिच्याकडे कोणी बघतच नाही. माझे म्हणणे असे की, मराठीतली नव्या चित्रपट-नाटकांची परीक्षणे कलाकृतीच्या पहिल्या दिवसाला बांधली गेली आहेत आणि त्यामुळे अभिनय या कलेची नोंद आपल्या हातून निसटते आहे. ती हवी असेल तर परीक्षणाने कलाकृतीबरोबर नटाचाही माग काढला पाहिजे.

आज छापून येणाऱ्या परीक्षणाची घडण बहुतेकांच्या ओळखीची आहे. निम्मी जागा कथानकाला जाते, मग दिग्दर्शन, संवाद, संगीत, छायाचित्रण, आणि शेवटच्या परिच्छेदात नटांची हजेरी. अमुकने भूमिका समरसून केली, तमुकचा वावर सहज आहे, बाकीच्यांची साथ चांगली. त्यानंतर पाचापैकी तारे. हा परिच्छेद घाईने लिहिला जातो यात लिहिणाऱ्याचा दोष कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. मराठी चित्रपटाचे नशीब पहिल्या तीन-चार दिवसांत ठरते. मल्टिप्लेक्सने मराठी चित्रपटांना मोक्याचे खेळ द्यावेत म्हणून राज्य सरकारला २०१५ मध्ये हस्तक्षेप करावा लागला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, ‘येरे येरे पैसा ३’चे खेळ ‘सैयारा’साठी काढून घेतल्याचा वाद पुन्हा झालाच. आठवड्याभरात पडद्यावरून उतरू शकणाऱ्या चित्रपटाबद्दल शुक्रवारीच लिहावे लागते, आणि शुक्रवारी लिहायचे तर प्रेक्षकाला आधी हवे असते ते एवढेच: गोष्ट काय आहे, बघावा की नाही. त्या घाईत अभिनय सर्वांत आधी मागे पडतो, कारण अभिनयाबद्दल नेमके लिहायला प्रसंग पुन्हा आठवावा लागतो, कधी पुन्हा पाहावा लागतो.

नाटकाच्या बाबतीत तर ही सवय थेट नुकसान करते. पहिला प्रयोग बघून लिहिणे म्हणजे नट सर्वांत कच्चा असताना त्याच्यावर लिहिणे. रंगभूमीवर काम करणारे सगळे जाणतात की नाटक बसायला वीस-पंचवीस प्रयोग लागतात. हशा कुठे येतो, कुठे थांबायचे, कोणते वाक्य गिळले तर चालते आणि कोणते गिळले तर पुढचा प्रसंग लंगडतो, हे प्रेक्षकांसमोरच कळते. तालमीत ते कळत नाही. मग दौरे सुरू होतात, दोन प्रयोगांचे रविवार येतात, एखाद्याला मालिका लागते आणि त्याच्या जागी रिप्लेसमेंट उभी राहते. शंभराव्या प्रयोगाला जे नाटक उभे असते ते शुभारंभाच्या नाटकाहून बरेच वेगळे असते, आणि ते बहुसंख्य प्रेक्षक पाहतात. छापील मत मात्र पहिल्याच नाटकाचे राहते. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंद सभागृहात आपल्या कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला. त्या आकड्याचा योग्य तो गौरव झाला. पण विनोदी नट इतकी वर्षे हशाची वाट कशी बघतो, हशा आला नाही तर प्रसंगाचा तोल कसा सावरतो, वाढत्या वयाबरोबर त्याच नटाची लय कुठे संथ झाली आणि त्या संथपणाचा त्याने काय उपयोग केला, याची नोंद शोधायला गेलो तर हाती येतात मुख्यतः मुलाखती. मुलाखतीत नट स्वतःबद्दल बोलतो. त्याच्याकडे पाहणाऱ्या दुसऱ्या डोळ्याची जागा त्या भरू शकत नाहीत.

आपल्याकडे असा डोळा नव्हताच असे नाही, आणि म्हणूनच आजची उणीव जास्त खटकते. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट आज आपल्याला कशातून माहीत आहे? आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने केलेला अनुवाद उपलब्ध आहे, पण शाहूनगरवासी मंडळीच्या रंगमंचावर जोशी काय करत होते याचा पुरावा फक्त पाहणाऱ्यांच्या लेखनात आहे. बालगंधर्वांचे तसेच. ‘धर्मात्मा’मध्ये १९३५ साली ते एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले आणि नंतर ‘साध्वी मीराबाई’त स्त्रीवेषात, पण रंगभूमीवर त्यांनी जे घडवले ते या चित्रपटांत शोधणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. त्यांचा पदर, त्यांचे चालणे, गाणे आणि गद्य यांची त्यांनी घातलेली सांगड, हे आपल्यापर्यंत आले ते समकालीनांच्या आठवणींतून आणि लेखांतून. इंग्लंडातले याचे सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे विल्यम हॅझलिट. २६ जानेवारी १८१४ ला एडमंड कीनने ड्रुरी लेनमध्ये प्रथम शायलॉक केला, आणि हॅझलिटने त्यावर ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये लिहिले. महत्त्वाचे ते त्यानंतरचे. हॅझलिट कीनला सोडून गेला नाही. रिचर्ड, हॅम्लेट, ऑथेल्लो, इयागो, अशी एकेक भूमिका तो पाहत गेला, आधीच्याशी ताडून बघत गेला, कुठे खटकले ते सांगत गेला. कीनच्या अभिनयाबद्दल आज कोणी काही बोलू शकतो ते या पाठपुराव्यामुळे. मराठीत माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, पुष्पा भावे, कमलाकर नाडकर्णी, जयंत पवार यांनी वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत जे लिहिले त्याच्या मागेही वर्षानुवर्षांचे पाहणे होते. नट रंगमंचावर आला की त्याच्या आधीच्या दहा भूमिका त्यांच्या मनात जाग्या असत. ‘लोकसत्ता’तले रवींद्र पाथरे यांचे ‘नाट्यरंग’ हे त्या परंपरेतले अलीकडचे नाव. अशी सदरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

अभिनयाची समीक्षा करायला सर्वांत सोपी आणि सर्वांत फलदायी जागा म्हणजे एकच भूमिका अनेकांनी केलेली असणे. मराठी रंगभूमीने ही संधी भरभरून दिली आहे. ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० ला रंगमंचावर आले आणि डॉ. श्रीराम लागू यांचा गणपतराव बेलवलकर हा त्या भूमिकेचा मापदंड झाला. त्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तीच भूमिका केली, आणि २०१६ मध्ये नाना पाटेकरांनी ती पडद्यावर केली. पाच वेगवेगळी शरीरे, पाच वेगवेगळे आवाज, संहिता मुळात तीच. यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो: बेलवलकर हा जुना, चढ्या सुरातला नट आहे, मग आधुनिक, संयत शैलीत वाढलेल्या नटाने त्याची स्वगते कशी घ्यायची? स्वगत खरेच भावनेच्या भरात सुटलेले आहे, की दारिद्र्यातही बेलवलकर अजून प्रेक्षकांसाठी नाटक करतो आहे? प्रत्येक नटाने याचे आपापले उत्तर दिले असणार. त्या उत्तरांची तुलना करणारे लेखन आपल्याकडे व्हायला हवे तितके झालेले नाही. दुसऱ्या नटाची भूमिका आली की ‘लागूंची आठवण होते’ किंवा ‘होत नाही’ यावर बोलणे थांबते. ‘तो मी नव्हेच’चेही तेच. १९६२ पासून हजारो प्रयोगांत प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे केला, पुढे गिरीश ओक यांनी तो केला. पोशाख आणि बोली बदलून एकच ठक न्यायालयात वेगवेगळी माणसे होऊन उभा राहतो. या भूमिकेत प्रश्न आहे तो सोंगांच्या आत खरा लखोबा किती दिसू द्यायचा हा, आणि त्याचे उत्तर वेषांतराच्या कौतुकापलीकडे गेल्याशिवाय सापडत नाही.

याहून ताजे उदाहरण ‘चारचौघी’. प्रशांत दळवींचे हे नाटक चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९१ मध्ये बसवले आणि २०२२ मध्ये त्यांनीच पुन्हा बसवले. पहिल्या वेळी आईची भूमिका दीपा श्रीराम यांची होती आणि मुलगी विद्याची भूमिका वंदना गुप्ते यांची. दुसऱ्या वेळी आई रोहिणी हट्टंगडी झाल्या आणि विद्या मुक्ता बर्वे. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, आणि विद्याचा तो प्रदीर्घ फोनवरचा संवादही तोच, ज्यात समोरचा माणूस दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि त्याचे प्रत्येक वाक्य नटीच्या चेहऱ्यावरून आपल्याला ओळखावे लागते. प्रयोगशाळेत मोजके घटक बदलून प्रयोग करावा तशी ही स्थिती आहे. तीस वर्षांत विवाहाबद्दलचे प्रेक्षकांचे मत बदलले, कायद्याची भाषा घरात आली, बाईच्या रागाला आता टाळी मिळते. मग त्या टाळीसमोर नटीने राग वाढवायचा की आवरायचा? टाळी मागणे इथे सोपे आहे, आणि म्हणूनच ती न मागता प्रसंग नेणे ही अभिनयाची कसोटी आहे. नव्या संचाच्या परीक्षणांत नाटक आजही लागू पडते का याची बरीच चर्चा झाली, आणि ती रास्तच होती. पण ते लागू पडते की नाही हे बऱ्याच अंशी फोन धरलेल्या त्या नटीवर अवलंबून आहे, तेव्हा खरी चर्चा तिच्यापासून सुरू व्हायला हवी होती.

कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवली तर नव्या चित्रपटाचे परीक्षणही बदलते, हे दिलीप प्रभावळकरांवरून स्पष्ट दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ आला. त्यातले बाबुली मेस्त्री हे म्हातारे दशावतारी कलावंत प्रभावळकरांनी केले, आणि बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य त्यांच्या वयाचे होते: एक्याऐंशीव्या वर्षी हा माणूस एवढे करतो! कौतुक मनापासूनचे होते, पण वय हे अभिनयाचे मोजमाप होऊ शकत नाही. त्यांनी आधी काय काय केले ते मांडून बघा. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण, दूरदर्शनवरचा चिमणराव, ‘चौकट राजा’मधला मतिमंद नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, स्वतःच लिहिलेल्या ‘हसवाफसवी’तल्या सहा भूमिका, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी. यात एक सूत्र आहे. हा नट आतून बाहेर येत नाही, बाहेरून आत जातो. आधी चाल, मान, आवाजाचा पोत शोधतो आणि त्या सोंगातून माणूस गाठतो. वास्तववादी अभिनयाच्या मोजपट्टीवर ही पद्धत कधी कधी कृत्रिम ठरवली गेली. दशावतार ही तर सोंगाचीच कला. म्हणजे या चित्रपटात एका सोंग घेणाऱ्या नटाने सोंग घेणाऱ्याच कलावंताची भूमिका केली, आणि मेकअप उतरवलेल्या बाबुलीत व रंगवलेल्या बाबुलीत देहबोलीचा फरक किती आणि कुठे ठेवला हे पाहणे म्हणजे त्यांच्या पाच दशकांच्या पद्धतीची परीक्षा पाहणे आहे. असे वाचले की चित्रपटही मोठा होतो आणि नटही. केवळ वयाला सलाम केला की दोघेही लहान होतात.

प्रभावळकरांच्या या यादीत मालिका आहेत हे कोणी ध्यानात घेईल, आणि इथेच पहिला मोठा आक्षेप येतो. मालिकेतला अभिनय समीक्षेला पात्रच नाही, असे गंभीर लोकही म्हणतात. संवाद सेटवर आयत्या वेळी हातात पडतात, टीआरपी बघून ट्रॅक वळतो, एका दिवसात अनेक सीन उरकायचे असतात, प्रत्येक धक्क्यावर तीन कोनांतून चेहरा दाखवला जातो. हे सगळे खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. कामाची परिस्थिती वाईट आहे म्हणून त्यातले काम बघायचे नाही, हा न्याय आपण गिरणीतल्या कारागिराला लावत नाही, तो नटाला का लावावा? रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या. ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि त्या भूमिकेबद्दल जगभर लिहिले गेले. त्याच नटीने २००१ पासून जवळजवळ बारा वर्षे ‘चार दिवस सासूचे’मध्ये सासू उभी केली, तीन हजारांहून अधिक भागांच्या मालिकेत. इतक्या दीर्घ काळ एकच पात्र जगवत ठेवायचे, कथानक वारंवार उलटेपालटे होत असताना त्या पात्राचा कणा मोडू द्यायचा नाही, रोज घराघरांत जाऊनही शिळे व्हायचे नाही, याला काहीतरी कौशल्य लागते की नाही? या दीर्घ कामाचे विश्लेषण करणारा लेख मराठीत सहजी सापडत नाही. महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी अभिनय म्हणून जे सर्वांत जास्त पाहिले त्याबद्दल समीक्षेने मौन धरले. त्याचा परिणाम नटांवरही होतो. मालिकेत चांगले-वाईट सांगणारे कोणीच नसेल, तर नटाला उत्तर देण्यासाठी उरतात फक्त टीआरपीचे आकडे आणि ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मात्याचा, फोन. मालिकेचे पैसे अनेकदा नव्वद दिवसांनी हाती येतात, नाटकाला नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, मिळते पण ती प्रयोग झाला तर, चित्रपट वर्षातून एखादा. अशा गणितात नट मालिकेकडे वळला म्हणून त्याला हिणवणारे खूप असतात, पण तिथे जाऊन त्याने काय केले हे बघणारे नसतात.

अनुभवी नटांचे हे झाले. त्यांच्या शेजारी अभिनयाचे शिक्षण नसलेल्या माणसांनी मराठी चित्रपटाला जे दिले आहे त्याबद्दलही आपले लेखन तोकडे पडते. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’नंतर ‘नैसर्गिक अभिनय’ हे सगळ्या परीक्षणांचे आवडते विशेषण झाले, जणू कॅमेरा लावला आणि माणसे आपोआप तशी वागली. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ या समजाला छेद देतो. २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळवणाऱ्या आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेणाऱ्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे ‘विद्रोही’चे संपादक आणि आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते, आणि सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, रंगभूमीवर मुरलेल्या. कॅमेरा दूर आणि स्थिर, फ्रेममध्ये संपूर्ण खोली, म्हणून क्लोजअपचा आधार कोणालाच नाही. साथीदारांनी आपल्या आयुष्यातली ओळखीची ठाम उभी राहण्याची रीत वापरली. कुलकर्णींनी नेमके उलटे केले, म्हणजे आपले सगळे प्रशिक्षण प्रशिक्षण न दिसण्यासाठी वापरले. कलमे वाचताना त्यांच्या आवाजात चढउतार नाहीत, आणि त्या सपाटपणातूनच भीती तयार होते. नंतर लोकलमधून घरी जाणारी, स्वयंपाक करणारी तीच बाई आपल्याला आपली वाटते, तेव्हा भीती आणखी वाढते. हे दोन प्रकारचे अभिनय एका फ्रेममध्ये कसे नांदले हा चित्रपटाच्या यशाचा गाभा आहे. ‘साबर बोंडं’ २०२५ मध्ये सनडान्सला ग्रँड ज्युरी पुरस्कार घेऊन आला तेव्हाही बातमी पुरस्काराची झाली. त्यातल्या दोन तरुणांनी जवळीक किती कमी हालचालींत उभी केली याबद्दल लिहायला जागा होती, ती बहुतांशी रिकामी राहिली.

या सगळ्यावर व्यवहारी उत्तर असे येईल की परीक्षण वाचतो कोण? ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये गाजला तो बायकांनी एकमेकींना सांगितले म्हणून, गट करून, साड्या नेसून चित्रपटगृहात गेल्या म्हणून. समीक्षक काय म्हणाले याने काही फरक पडला नाही. आक्षेप बरोबर आहे, पण त्याचा रोख चुकीच्या जागी आहे. तिकिटे विकणे हे परीक्षणाचे काम आहे असे धरले तरच ते निष्प्रभ ठरते. उलट, पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर परीक्षणाचा परिणाम होतो अशी भीती निर्मात्यांना आजही आहे. तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रदर्शनानंतरचे तीन दिवस परीक्षणे रोखावीत म्हणून मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली होती. दोन्ही बाजू परीक्षणाकडे बाजारातला घटक म्हणूनच बघतात. पहिल्या आठवड्याच्या बाजारातून बाहेर पडलेले, पन्नासाव्या प्रयोगाचे किंवा दोन महिन्यांनी ओटीटीवर पुन्हा पाहून लिहिलेले परीक्षण या भांडणातून आपोआप सुटते. त्याचा गल्ल्याशी संबंध उरत नाही, म्हणून त्यावर दबावही कमी येतो आणि त्यात वेळही असतो.

पुढचा आक्षेप चित्रीकरणाचा. बालगंधर्वांच्या काळात नाटकांचे चित्रीकरण होत नसे, आता सगळे चित्रित होते, मग शब्दांची नोंद कशाला? पण नाटकाचे चित्रीकरण बहुधा एका प्रयोगाचे असते आणि तेही कॅमेऱ्यांच्या सोयीने प्रकाश वाढवून, कधी रिकाम्या प्रेक्षागृहात केलेले. रंगमंचावरचा अभिनय त्या रात्रीच्या प्रेक्षकांबरोबर घडतो. गडकरीला ज्या वाक्याला हशा येतो त्याला एखाद्या दौऱ्यात शांतता मिळते, आणि त्या शांततेत नट काय करतो हे चित्रफितीत नसते. शिवाय चित्रफीत दाखवते, पण का ते सांगत नाही. चित्रपटात तर अभिनय संकलकाच्या हातातून येतो. नटाने दिलेल्या क्षणांपैकी कोणते ठेवले आणि कोणते कापले हे ओळखण्यासाठी सराव झालेली नजर लागते. अरुण खोपकरांनी गुरुदत्तच्या चित्रपटांवर मराठीत लिहिले, तेव्हा ते चित्रपट कोणालाही पुन्हा बघता येत होतेच. तरीही त्या लेखनानंतर ते वेगळे दिसू लागले.

यानंतरचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मराठी नाट्य-चित्रपट जग लहान आहे. समीक्षक, निर्माता, नट एकमेकांना ओळखतात, एकाच समारंभात भेटतात, वृत्तपत्राला नाटकांच्या जाहिराती हव्या असतात. अशा ठिकाणी नटाबद्दल नेमके लिहिणे म्हणजे माणूस दुखावणे. त्यामुळे सगळे गोलमोल लिहितात आणि चांगल्याचीही किंमत जाते. यावर माझे उत्तर असे की नेमकेपणाच इथे सर्वांत सभ्य आहे. ‘अभिनय कमी पडला’ हे वाक्य नटाला अपमानास्पद वाटते, कारण त्यावर त्याला काहीच करता येत नाही. पण दुसऱ्या अंकात पत्र वाचताना तुम्ही शेवटच्या ओळीआधीच रडू आणता, त्यामुळे त्या ओळीला काही उरत नाही, असे सांगितले तर नट रागावेल, वाद घालेल, आणि कदाचित पुढच्या प्रयोगाला तपासून पाहील. वाचकालाही ते खरे की खोटे हे तिकीट काढून पडताळता येते. गोलमोल स्तुती कोणालाच पडताळता येत नाही, म्हणून ती सर्वांच्या सोयीची असते.

आणि नटावर भर दिला की व्यक्तिपूजा वाढेल, ही शंकाही खरी आहे. काशिनाथ घाणेकर हे त्याचे ठळक उदाहरण. संभाजी आणि लाल्या या भूमिकांनी त्यांनी प्रेक्षागृहे भरली, जाहिरातीत त्यांचे नाव ‘आणि’ लावून शेवटी येई, ठाण्यातल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि २०१८ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्यांच्या लोकप्रियतेबद्दल, स्वभावाबद्दल, अधोगतीबद्दल आपल्याला पुष्कळ माहीत आहे. लाल्या बोलताना ते वाक्य कुठे तोडत, संभाजीचा राग आणि लाल्याचा राग यांच्यात देहाने काय फरक करत, याबद्दल त्या मानाने फार थोडे. व्यक्तिपूजा तिथेच फोफावते जिथे कामाचे वर्णन नसते. चित्रपटाची परीक्षणेही सुबोध भावे घाणेकरांसारखे दिसतात-वागतात का या तुलनेत गुंतली, म्हणजे न नोंदलेल्या अभिनयाची नक्कल कितपत जमली हे तपासत बसली.

हे बदलायला मोठी संस्था लागत नाही. वृत्तपत्राने शुभारंभाच्या परीक्षणाबरोबर पन्नासाव्या प्रयोगानंतरच्या दुसऱ्या परीक्षणासाठी जागा आणि मानधन ठेवावे. रिप्लेसमेंट झाली की नव्या नटाचा प्रयोग बघून लिहावे, कारण तिकीट काढणारा प्रेक्षक आता त्यालाच पाहणार आहे. पुण्याचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स इथे अभिनय शिकणाऱ्यांना एका जिवंत नटाच्या पाच भूमिकांवर प्रबंध लिहायला लावता येईल, ज्यात एक तरी भूमिका मालिकेतली असावी. मीरा-भाईंदरच्या नाट्यगृहात येणाऱ्या प्रयोगांवर स्थानिक साप्ताहिकांनी लिहायला हरकत नाही. शुभारंभ बहुधा शिवाजी मंदिरात किंवा पार्ल्यात होतात, आणि इथे नाटक पोचते तेव्हा ते बसलेले असते, म्हणून इथला परीक्षक मुंबईच्या परीक्षकापेक्षा चांगल्या स्थितीत आहे. सुरुवात कशापासून करायची हे मला विचाराल तर मालिकांतल्या मोठ्या भूमिकांपासून. ‘चार दिवस सासूचे’ची सासू, टिपऱ्यांचे आबा, दूरदर्शनवरच्या चिमणरावाच्या जोडीचा बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. त्या काळातले नेहमीचे प्रेक्षक अजून आपल्यात आहेत आणि त्यांना त्या भूमिकांतले बारकावे तोंडपाठ आहेत. त्यांच्याकडून ते आताच लिहून घ्यायला हवे.